चोवीस तासांचा कौल

लोकांच्या पोरींची लग्नं जुळवून जुळवून प्रतीक्षाची बोटं झिजायची तेवढी राहिली होती, आणि तिचं स्वतःचं स्थळ मात्र तीन आठवडे तसंच टांगून पडलं होतं. ना होकार, ना नकार. मुडबीत कुणालाही विचारा, तुळजारामची पोरगी काय करते, तर माणूस हात झटकून सांगायचा, "कॉम्प्युटरवर बसते की." बसून काय करते ते तिनं सांगितलं नाही आणि गावानं विचारलं नाही. गावाला दुसरे धंदे कमी आहेत का.

तर ऐका, ती काय करायची. कलबुर्गीत अनिलकुमार नावाच्या माणसाचं एक ऑफिस होतं. दुकानदारांची, पुढाऱ्यांची, शिकवणीवाल्यांची पेजं हे ऑफिस सांभाळायचं. लोक पेजवर कमेंट टाकायचे आणि त्या पेजच्या नावानं उत्तरं द्यायला अनिलकुमारनं पोरी ठेवल्या होत्या. प्रतीक्षा मराठीत, कन्नडात आणि आपल्याकडच्या दखनीत सारख्याच सफाईनं उत्तर द्यायची. म्हणून तिला घरून काम करायची मुभा होती, आणि ऑफिसचं सगळ्यात जोरात चालणारं पेज तिच्याकडं होतं. त्याचं नाव 'अप्पाचा कौल'.

पेजवर एका म्हाताऱ्याचा फोटो होता. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, कपाळाला भंडारा. हा म्हातारा कुठल्याच गावचा नव्हता, कॉम्प्युटरनं काढलेला होता. पण त्याच्या मागं एक लाख चाळीस हजार माणसं होती. उदगीरची, भालकीची, औरादची, पोटासाठी हैदराबाद-पुण्याला गेलेली. बोअर पाडू का, म्हैस विकू का, पोराला कोचिंगला घालू का, सुनेला माहेराहून आणायला जाऊ का, काय वाटेल ते विचारायची. आणि अप्पा प्रत्येकाला नाव घेऊन उत्तर द्यायचा. "मडिवाळप्पा, उजवा दाणा पडला. बोअर पाड." मडिवाळप्पा खूश. तो ते उत्तर वीस जणांना दाखवायचा, आणि विसातले सात नवीन यायचे.

आता हे दाणे कुठून आले? आले प्रतीक्षाच्या घरातून. तिची माणसं मूळची मेंढरांमागं फिरणारी. मेंढरं गेली, चार एकर रान आलं, पण माळावरचा देव सुटला नाही. तिचे वडील तुळजाराम, ज्यांना ती अप्पा म्हणायची, ते रविवारी त्या देवाच्या दगडाला कौल लावायचे. ज्वारीचे दोन दाणे ओले करून दगडाच्या दोन खांद्यांना चिकटवायचे. उजवा आधी पडला तर व्हय, डावा पडला तर न्हाई. पण दाणे लावायच्या आधी अप्पा समोरच्याला घोंगडीवर बसवायचे आणि म्हणायचे, "बस. तुझ्या मनात काय हाय?" मग तो माणूस अर्धा तास बोलायचा. अप्पा मध्ये बोलायचे नाहीत. बोलणं संपलं की दाणे लागायचे, आणि त्या माणसाच्या मनात जे असायचं तोच दाणा पडायचा. कोणता दाणा जास्त ओला करायचा हे अप्पांना बरोबर कळायचं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलून दाखवत नव्हतं.

त्याचा फायदा सगळ्यात जास्त लग्नाच्या कामात व्हायचा. आपल्याकडं पोरगी द्यायची नसली तर कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. सोयरे आहेत, बाजाराला भेटायचंय, उद्या मयतीला गाठ पडायची. मग माणसं अप्पांकडं यायची. डावा दाणा पडायचा. "आमचं लई मन व्हतं हो, पण कौलच लागला न्हाई." दोन्ही घरांची अब्रू झाकली जायची.

अप्पांचे नेम दोनच. लागलेला कौल पुन्हा विचारायचा नाही. आणि कौल लावणाऱ्यानं स्वतःचा कौल स्वतः लावायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी चिटगुप्प्याच्या बसस्टँडवर उसाचा रस पिता पिता तुळजाराम बाकावर टेकले ते उठलेच नाहीत. घरी आणलं, दिवस झाले, पाहुणे गेले. प्रतीक्षाची आई रेणुकाबाई पाहुण्यांसमोर रडली, प्रतीक्षाही रडली. पण पाहुणे गेल्यावर मायलेकी एकमेकींसमोर रडायच्या राहिल्या. आज नको, उद्या नको करता करता ते राहूनच गेलं. मग घरात बोलणं उरलं ते एवढंच, की जेवलीस का, व्हय, गॅस संपत आलाय, सांगते.

सहा महिन्यांनी प्रतीक्षा अनिलकुमारकडं मुलाखतीला गेली. तो म्हणाला, "तुमच्या भागातलं काही वेगळं सांगा, लोक थांबून वाचतील असं." तिनं कौलाचं सांगितलं. दाणे सांगितले, घोंगडी सांगितली, अप्पांची वाक्यं सांगितली. अनिलकुमारनं लगेच वहीत लिहून घेतलं आणि आठ दिवसांत पेज निघालं. तेव्हा तिला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून वाट बघत होती, की आता वाटेल, मग वाटेल. मुडबी आली.

सुरुवातीला ती लोकांचे प्रश्न नीट वाचायची. नंतर अनिलकुमारनं हिशेब दाखवला. 'व्हय' उत्तर मिळालेला माणूस आभार मानतो, पुढं पाठवतो, परत येतो. 'न्हाई' मिळालेला पेज सोडून जातो. "मॅडम, लोक सल्ला मागत नाहीत," तो म्हणाला, "लोक होकार मागतात. द्या की. आपलं काय जातंय?" मग ती द्यायला लागली. शंभरातले नव्वद व्हय. नाव बदलायचं, गाव घालायचं, अप्पांचं एखादं वाक्य जोडायचं, पाठवायचं. दिवसाला दोनशे. कुणी लिहायचं, अप्पा तुमच्यामुळं पोराचं लग्न झालं. ती त्याला हात जोडलेलं चित्र पाठवायची. कुणी लिहायचं, अप्पा पोरगा गेला. त्यालाही तेच चित्र जायचं. तिला आनंदही होत नव्हता आणि त्रासही होत नव्हता. दात काढायच्या आधी हिरडीला सुई देतात तेव्हा गाल आपला राहत नाही, तसं तिचं झालं होतं.

आता स्थळाचं. स्थळ चिटगुप्प्याचं होतं. मुलाचं नाव अमरनाथ, औषधाचं दुकान, आईवडील, एक बहीण दिलेली. मधला माणूस रेणुकाबाईचा मामेभाऊ गुंडेराव. मुलात नाव ठेवायला जागा नव्हती. बघायला आला तेव्हा मान खाली घालून दोन प्रश्न विचारले आणि चहा संपवून कप स्वतः उचलून ठेवला. त्यांची अट एकच, लग्नानंतर मोबाईल-कॉम्प्युटरचं काम बंद. माणसं गेल्यावर रेणुकाबाई म्हणाली, "काय म्हणतीस?" प्रतीक्षा म्हणाली, "तू म्हणशील तसं." रेणुकाबाई म्हणाली, "तुझ्या मनाला येईल तसं." आणि दोघीही कामाला लागल्या. झालं. असे तीन आठवडे गेले. गुंडेराव दर दोन दिवसांनी फोन करायचा आणि रेणुकाबाई सांगायची, "सांगते दादा."

एका बुधवारी सकाळी पेजवर रोजच्यासारखी ओळ पडली, की ज्याला अप्पाचा कौल पाहिजे त्यानं खाली 'जय' लिहा. खाली जयजयकार सुरू झाला. प्रतीक्षा एकेकाला इनबॉक्समध्ये ठरलेला निरोप पाठवत चालली होती. आणि कमेंटमध्ये नाव आलं, तुळजाराम मुडबी. शेजारी फोटो. पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला, डोळे बारीक केलेला. खाली लिहिलं होतं, जय.

तिचा हात थांबला. एवढंच झालं. मग तिच्या लक्षात आलं की अप्पांचा फोन आई वापरते. मावशीला फोन लावायला, भजनं बघायला. खातं तेच, नाव तेच, कोण बदलणार. आई पलीकडं स्वयंपाकघरात होती आणि मध्ये एक भिंत होती. प्रतीक्षानं दोन मिनिटं पडद्याकडं बघितलं आणि ठरलेला निरोप पाठवून दिला. निरोपात नाव आपोआप पडायचं. "तुळजाराम, आलास व्हय. बस. तुझ्या मनात काय हाय?"

भिंतीपलीकडून आईचा आवाज आला. ती फोनमध्ये बोलून लिहायची, चौथी शिकलेलीला टायपिंग कुठलं. "मी तुळजाराम न्हाई. मी त्यांची बायको. ते गेले." आणि दोन क्षणांनी तेच शब्द पडद्यावर उमटले.

प्रतीक्षानं कानाला हेडफोन लावले. ऐकायचं नाही, एवढं तिला त्यातल्या त्यात बरं वाटलं. वाचायचं मात्र सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेणुकाबाई पुन्हा आली. "तुमचं बोलणं आमच्या ह्यांच्यागत हाय. वाचलं की ते बोलायलेत असं वाटतंय. म्हणून आले. राग मानू नका." प्रतीक्षानं लिहिलं, "राग कशाचा माय. बोल. दाण्याला घाई न्हाई, आपल्यालाबी न्हाई." हे अप्पांचं वाक्य होतं. भिंतीपलीकडं बराच वेळ भांडं वाजलं नाही.

मग रोजच. सकाळी भाकरी झाल्या की रेणुकाबाई फोन घेऊन चुलीपाशी बसायची आणि पेजवरच्या अप्पाशी बोलायची. तुरीला शेंगा किती लागल्या, शेजारच्या रानातल्या गुरुबाईनं बांध कसा कोरला, गुडघा कसा दुखतो. आणि हळूहळू दुसरं. "पोरगी हसत न्हाई. आधी अशी नव्हती. मी तिच्यासमोर रडत न्हाई, ती रडंल म्हणून." "ते गेल्यापासून पोरीनं मला आई म्हणून हाक मारल्याचं आठवत न्हाई. कामापुरतं बोलती. माझं काय चुकलं असंल?" प्रतीक्षा ह्या खोलीत बसून हे वाचायची आणि उत्तर लिहायची, "तुझं काय चुकलं न्हाई माय." लिहिताना तिची बोटं चालायची. जेवायला बसल्यावर तेच वाक्य तोंडानं म्हणून बघावं असं तिला दोनदा वाटलं. भाकरी मोडली, घास खाल्ला, आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." तिची तिलाच लाज वाटली, पण तीही लांबून, दुसऱ्या कुणाची असल्यागत.

दहाव्या दिवशी स्थळाचं निघालं. रेणुकाबाईनं एका दमात सांगितलं. "स्थळ चांगलं हाय. पण मला द्यायची न्हाई अजून. घर खायला उठतंय. आन हे मी कुणाला सांगू? सोताच्या सोबतीसाठी पोरगी दावणीला बांधली म्हणतील. तिला विचारलं तर म्हणती तू म्हणशील तसं. म्हंजी जायचंच असंल तिला. माझ्यामुळं थांबली असंल."

प्रतीक्षानं हे चारदा वाचलं. तिलाही जायचं नव्हतं. अमरनाथ वाईट नव्हता, घर वाईट नव्हतं. पण अजून ह्याच घरातलं काहीतरी व्हायचं राहिलं होतं आणि ते झाल्याशिवाय दुसऱ्या घरात जाऊन तिथं उभं राहणं तिला जमणार नव्हतं. इतकं साधं. तिला वाटत होतं, आईला मोकळं व्हायचंय, पोरगी उजवली की सुटली. आणि आईला वाटत होतं पोरीला जायचंय. आडातलं पाणी आडात, आणि दोघी तहानलेल्या.

तिनं लिहिलं, "तिला पुन्हा विचार माय. नीट बसवून विचार." त्या संध्याकाळी रेणुकाबाईनं खरंच तिला पाटावर बसवलं, समोर बसली आणि म्हणाली, "प्रतीक्षा, तुझ्या मनात काय हाय?" स्वतःच सांगून आणलेला प्रश्न होता तो. उत्तर तयार होतं. आणि तोंडातून काय निघालं? "तू म्हणशील तसं." काय म्हणावं अशा पोरीला! दिवसाला दोनशे लोकांशी बोलणारी, सख्ख्या आईपुढं तोंड उघडेना.

शनिवारी सकाळी दहा वाजता रेणुकाबाईचा निरोप आला. "आता गुंडेरावदादा थांबंना. उद्या सांगायचं हाय. दोन दाणे लावा. द्यायची का न्हाई. तुम्ही सांगाल तसं करते."

प्रतीक्षानं लिहिलं, "न्हाई." आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा लिहून बोट पाठवायच्या बटणावर ठेवलं, आणि दाबलं नाही. कौल तिचा होता. लावणारीही तीच होती. अप्पांचं एकूण एक तिनं कलबुर्गीला नेऊन विकलं होतं, वाक्यं विकली, दाणे विकले, घोंगडी विकली. हा एक नेम तेवढा विकायचा राहिला होता, कारण त्याला गिऱ्हाईक नव्हतं. तो मोडायला तिचं बोट वळलं नाही. सोमवारी बघू, असं म्हणून तिनं तो निरोप न वाचलेला करून ठेवला आणि लॅपटॉप मिटला. उद्या रविवार, तिची सुट्टी. उत्तर आलं नाही की आई थांबेल, हा तिचा हिशेब.

हिशेब बरोबर होता, पण त्यातली एक गोष्ट तिनं ऐकून न ऐकल्यासारखी केली होती. त्याच आठवड्यात सोमवारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये अनिलकुमारनं सांगितलं होतं, की आता एकही निरोप शिळा होऊ द्यायचा नाही. चोवीस तासांत पोरींनी उत्तर दिलं नाही तर मशीन देईल. मशीनला पेजची जुनी सगळी उत्तरं वाचायला दिली होती, ते अगदी तुमच्यासारखंच लिहितं, बघा. प्रतीक्षानं पडद्यावर मान हलवली होती. ती सगळ्यालाच मान हलवायची.

रविवारी सकाळी ती गच्चीवर गोधड्या वाळत घालत होती. साडेदहाचा सुमार. रेणुकाबाई जिना चढून वर आली, गुडघा धरत. तिच्या हातात गुळाचा खडा होता.

"तोंड उघड," ती म्हणाली.

"कामून?"

"उघड. दिली तुला. गुंडेरावदादाला सांगितलं आत्ताच. बुधवारी साखर घेऊन येयलेत."

प्रतीक्षाच्या तोंडात गूळ गेला. तो तसाच जिभेवर राहिला. "कुणाला विचारून?" ती म्हणाली.

रेणुकाबाई जरा ओशाळली. मग तिनं कनवटीचा फोन काढला आणि पुढं धरला. "हासू नको. मोबाईलवर एक अप्पा हायत. कौल देतेत. तुझ्या अप्पांसारखंच बोलतेत. त्यांना विचारलं मी."

पडद्यावर दहा वाजून एक मिनिटानं आलेलं उत्तर होतं. "व्हय माय. उजवा दाणा पडला. देऊन टाक, लेकरू सुखात राहील. दाण्याला घाई न्हाई, पण मुहूर्ताला असती. अप्पाचं बोलणं आवडलं तर पाच जणांना पाठव."

प्रतीक्षानं ते वाचलं. एक शब्द परका नव्हता. 'उजवा दाणा पडला' हे तिनं हजार वेळा लिहिलं होतं. 'लेकरू सुखात राहील' हेही तिचंच. नव्वद व्हय तिनंच दिले होते, तेच मशीननं शिकून तिच्या आईला दिले. दोष कुणाच्या माथी मारायचा?

"तुला तर द्यायची नव्हती मला," ती म्हणाली.

रेणुकाबाईनं तिच्याकडं बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच. त्या अप्पाला."

"तू माझा फोन बघितलास?"

"न्हाई. तो अप्पा म्हंजी मी हाव." प्रतीक्षानं गूळ गिळला. "हेच काम करते मी. त्या पेजवर मीच लिहिते. तू रोज बोललीस ते माझ्याशी. हे शेवटचं तेवढं माझं न्हाई. हे मशीनचं हाय, माझ्यावरून शिकलेलं."

रेणुकाबाई खाली बसली. ओल्या गोधडीचं पाणी तिच्या पदरावर ठिबकत होतं, ते तिच्या ध्यानात नव्हतं. मग म्हणाली, "दाण्याला घाई न्हाई म्हणलं, ते?"

"ते मी."

"तुझं काय चुकलं न्हाई म्हणलं, ते?"

"तेबी मीच."

"म्हंजी ह्यांचं त्यात कायबी नव्हतं."

"शब्द अप्पांचेच व्हते, आई."

आई म्हटल्यावर रेणुकाबाईनं मान वर केली. "मला काय वाटलं ठाव हाय?" ती म्हणाली. "तुझे अप्पा माणसाच्या मनातलंच काढायचे. मनात असंल तोच दाणा पाडायचे. म्हणून व्हय आल्यावर मी म्हणलं, माझ्याच मनात कुठंतरी व्हय असंल. मला दिसंना, त्यांना दिसलं. म्हणून दादाला फोन केला. छातीवर दगड ठिवून केला." तिचा आवाज आता चढला. "आन तुला सगळं ठाव व्हतं. मला द्यायची न्हाई हे कालपर्यंत रोज वाचायलीस. मग गप कामून बसलीस?"

"कौल सोताचा सोताला लावता येत न्हाई. अप्पांचा नेम."

"कौल लावायचा नव्हता गं. भिंतीच्या पलीकडं मी व्हते. उठून दोन पावलं येऊन तोंडानं सांगायचं न्हाई असा नेम तुझ्या अप्पांनी घालून दिलता का?"

प्रतीक्षा उभी होती आणि तिला कळत होतं की आता आपल्याला रडू यायला पाहिजे. आलं नाही.

"मग आता सांग," रेणुकाबाई म्हणाली. "मी विचारते, मोबाईल न्हाई, दाणे न्हाई. जायचंय का तुला?"

दोन वर्षांत तिनं हा शब्द कुणाला फारसा दिला नव्हता, आणि तोंडानं तर नाहीच.

"न्हाई," ती म्हणाली. "आत्ता न्हाई."

रेणुकाबाईनं तिथंच गच्चीवर बसून गुंडेरावला फोन लावला. गुंडेराव मोठ्यानं बोलणारा माणूस, त्याचं बोलणं फोनच्या बाहेर ऐकू येत होतं. आधी त्याला खरंच वाटेना. मग तो चिडला, मी तिकडं शब्द देऊन बसलोय, त्यांनी भावकीला सांगितलंय, माझं तोंड काळं करायलीस. मग थोडा शांत झाला. जुना माणूस, त्याला वाट ठाऊक होती. "बरं रेणुका, असं करू," तो म्हणाला. "कौल लागला न्हाई म्हणून सांगतो. कुणाला वाईट वाटायचं न्हाई. ते तुळजारामला मानायचे, ऐकतील."

प्रतीक्षाला वाटलं, आई व्हय म्हणेल. कुणीही म्हणालं असतं. पोरीच्या पुढच्या स्थळांचा प्रश्न होता, बाजारात उठबस होती. रेणुकाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"कौल लागला, दादा," ती म्हणाली. "व्हय आला. पण पोरगी न्हाई म्हणाली. आन मलाबी द्यायची न्हाई. असंच सांगा."

"असं सांगतेत व्हय कुणी?"

"मी सांगायलेय की."

पलीकडून फोन कट झाला. रेणुकाबाईनं तो मांडीवर ठेवला. पडदा पुन्हा उजळला, वर तुळजारामचा फेट्यातला फोटो, खाली पेजकडून आणखी एक निरोप, की तुमचा अनुभव कसा होता, पाचपैकी किती चांदण्या द्याल. रेणुकाबाईनं तो वाचायचा प्रयत्न केला आणि मग तिला रडू फुटलं. पाहुण्यांसमोर रडली होती तसं नाही. तोंड उघडं टाकून, आवाज न करता. प्रतीक्षा तिच्या शेजारी जाऊन बसली. काय करावं ते तिला कळेना, म्हणून ती आईच्या पदराचा ओला कोपरा पिळत राहिली.

"रोज सकाळी भाकरी टाकल्या की मला वाटायचं, ते हायत," रेणुकाबाई म्हणाली. "वाट बघायलेत, मी कवा बोलते त्याची. तेवढ्यावर दिवस निघायचा. आता मी कुणाशी बोलू, सांग की."

प्रतीक्षाकडं अशा प्रश्नाला लिहून ठेवलेली पुष्कळ उत्तरं होती. तिनं त्यातलं एकही घेतलं नाही.

"माझ्याशी," ती म्हणाली. एवढा एक शब्द तोंडाबाहेर यायला तिला बराच वेळ लागला, आणि तोवर रेणुकाबाई थांबली होती.